मुलगी इंग्रजी घेते म्हणते, घेऊ द्या!

बारावीचा निकाल लागला की आमच्या ऑफिसात अशिलांपेक्षा पालकांचीच गर्दी जास्त असते. वस्तीत राहणाऱ्या वकिलाला दाखले, शपथपत्रे, जातपडताळणीचे अर्ज हे सगळे पाहावे लागतेच, आणि जोडीला मुलामुलींनी पुढे काय करावे याचा सल्लाही द्यावा लागतो. यंदाही तसेच झाले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेले, आमच्या विहाराचे एक जुने कार्यकर्ते मुलीला घेऊन आले. जयभीम झाला. मुलगी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेली, बाप मात्र वैतागलेला.

"वकीलसाहेब, आता तुम्हीच हिला समजवा. नर्सिंगचा फॉर्म भर म्हटलं तर बी.ए. करते म्हणते. आणि तेही इंग्रजी घेऊन! इंग्रजी बोलता आलं की झालं. त्याची पदवी घेऊन काय चाटायची आहे?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्ही विचारले, "बाळ, इंग्रजीच का?"

ती म्हणाली, "काका, बाबासाहेबांची पुस्तकं मुळात इंग्रजीत आहेत ना? आपण कायम भाषांतरच वाचतो."

खरे सांगायचे तर या उत्तरानंतर मुलीला समजवण्यासारखे आमच्याकडे काही उरले नाही. समजवायचे होते ते बापाला. पण बापाचा प्रश्नही चुकीचा नव्हता. ज्याने हातात पाना धरून संसार ओढला, त्याला पदवीचे मोल पोटाच्याच तराजूत करावे लागते. त्याला दोन वाक्यांत गप्प बसवणे हा अन्याय झाला असता. म्हणून त्याच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आम्ही इथे देत आहोत. असे बाप आणि अशा मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

"तुला झेपणार नाही"

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधीच्या आमच्या सगळ्या पिढ्या दहा वर्षांच्या झाल्यावर ही भाषा पहिल्यांदा पाहत होत्या, आणि कॉलेजात त्यांची गाठ पडायची ती बालवाडीपासून इंग्रजीत वाढलेल्या मुलांशी.

प्रथम वर्ष कला पूर्ण करून आम्ही 'स्पेशल इंग्रजी'चा फॉर्म भरायला गेलो. पुणे विद्यापीठाच्या त्या वेळच्या रचनेत दुसऱ्या वर्षी नाटक आणि कविता, तिसऱ्या वर्षी कादंबरी आणि समीक्षा असे स्पेशलचे पेपर असायचे. विभागातल्या एका प्राध्यापकांनी फॉर्मवरचे आडनाव वाचले, दहावीचे माध्यम विचारले आणि म्हणाले, "तुला झेपणार नाही. राज्यशास्त्र घे, तुमच्या मुलांना ते बरं जातं."

आम्ही राज्यशास्त्र घेतले. पुढे वकील झालो. राज्यशास्त्र घेतल्याचा पश्चात्ताप आम्हाला कधी झाला नाही. पश्चात्ताप एवढाच, की 'का झेपणार नाही' हा प्रश्न न विचारता आम्ही मुकाट माघारी फिरलो.

दार अडवण्याची ही रीत जुनी आहे. जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका अस्पृश्य महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. अर्ज मुंबई सरकारकडे गेला, तेव्हा सरकारनेही एका मुलासाठी सगळी शाळा निरुपयोगी होईल असा हिशेब मांडून हात वर केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1857 साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाचे दार उघडले तेव्हा आपले लेकरू शाळेच्या पायरीवरही नव्हते.

त्याच विद्यापीठातून 1912 साली बाबासाहेब बी.ए. झाले, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, ती जातीमुळे नाकारली गेली. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. इंग्रजी मात्र सुभेदार रामजींनी घरी बसवून, भाषांतराचा सराव करून घेऊन पक्की केली. संस्कृतच्या दारावर पहारेकरी होता. इंग्रजीच्या दारावर शास्त्राचा पहारेकरी नव्हता, म्हणून तिथून आत शिरता आले. पण पुढे त्याही दारावर नवा पहारेकरी येऊन बसला. तो धर्मशास्त्राचा आधार घेत नाही. तो फक्त म्हणतो, "तुला झेपणार नाही."

मेकॉलेचे उपकार नव्हेत

इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, ही गुलामीची भाषा, तिच्यापासून दूर राहा. गंमत अशी की असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले कॉन्व्हेंटमध्ये शिकतात. दुसरे टोक इंग्रजीची आरतीच ओवाळते. 2006 साली 25 ऑक्टोबरला, म्हणजे मेकॉलेच्या जन्मदिवशी, चंद्रभान प्रसाद यांनी दिल्लीत त्याची जयंती साजरी केली. 2010 साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात बांका या गावी 'इंग्रजी देवी'चे मंदिर बांधायला घेतले गेले. त्यामागची कळकळ आम्ही समजू शकतो. तरीही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांना नवी देवी कशाला हवी? जुन्या देवी सोडताना जी बुद्धी वापरली, तीच इथेही वापरली पाहिजे.

मेकॉलेने 2 फेब्रुवारी 1835 रोजी जे टिपण लिहिले, त्यात आपला विचार नव्हता. राज्यकर्ते आणि कोट्यवधी रयत यांच्यामध्ये दुभाषाचे काम करील असा एक वर्ग त्याला घडवायचा होता. तो वर्ग कोणत्या जातींतून घडला हे वेगळे सांगायला नको. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक गौरी विश्वनाथन यांनी 1989 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की इंग्रजी साहित्य हा अभ्यासक्रमाचा विषय म्हणून आधी हिंदुस्थानात रुजला, खुद्द इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत त्याला जागा मिळाली ती नंतर. सरकारी शाळांत उघडपणे बायबल शिकवता येत नव्हते, म्हणून नीती आणि निष्ठा शिकवण्यासाठी कविता आणि नाटके पुढे केली गेली. म्हणजे ज्याला आपण आज 'बी.ए. इंग्रजी' म्हणतो, तो विषय जन्मापासूनच राजकीय आहे. कोणी काय वाचायचे आणि वाचून कसे घडायचे, हे ठरवण्यासाठीच तो तयार झाला.

पण दुसऱ्याच्या हेतूसाठी घडवलेले हत्यार आपल्या लोकांनी आपल्या हेतूसाठी उचलले, हा आपला इतिहास आहे. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली ती मराठीत, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली. 1882 साली हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली ती इंग्रजीत. सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. ज्या काळात बाईने अक्षर गिरवले तरी अंगावर शेण यायचे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

बाबासाहेबांनी तर दोन्ही भाषांचा हिशेब चोख ठेवला. 'मूकनायक' 1920 साली, 'बहिष्कृत भारत' 1927 साली, 'जनता' 1930 साली. ही पत्रे मराठीत, कारण ती आपल्या माणसांशी बोलण्यासाठी होती. 'जातिनिर्मूलन' हे लाहोरसाठी तयार केलेले आणि होऊ न दिलेले भाषण 1936 साली इंग्रजीत छापले, कारण ते सगळ्या देशाला सुनवायचे होते. 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना त्यांनी पत्र पाठवले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडत असलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या, आणि डुबॉइस यांचे उत्तरही आले. तो संवाद इंग्रजीशिवाय झालाच नसता.

एक शब्द गळाला

"इंग्रजी बोलता आलं की झालं" या म्हणण्याचे उत्तर आमच्या धंद्यातल्या एका अनुभवाने देतो.

संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. खाली तालुक्याला, जिल्ह्याला मराठी चालते. फिर्याद मराठीत, जबाब मराठीत, पंचनामा मराठीत. प्रकरण वर गेले की या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका शेतमजूर भगिनीचे प्रकरण होते. सार्वजनिक नळावर हंडा लावला म्हणून तिला मारहाण झाली आणि चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. विशेष न्यायालयाने आरोपींचा अटकपूर्व जामीन फेटाळला. आरोपी कलम 14 अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपिलात गेले. अपिलासोबत फिर्यादीचे इंग्रजी भाषांतर जोडले होते. आम्ही ते वाचले. भाषा सफाईदार होती, व्याकरण शुद्ध होते. आम्हाला काही खटकले नाही.

आमच्याकडे तेव्हा एक ज्युनिअर मुलगी होती. अंगणवाडी सेविकेची लेक. इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली, त्यात अनुवादाचा पेपर घेतलेला, मग एलएल.बी. झालेली. तिने मराठी फिर्याद आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचले आणि म्हणाली, "सर, मूळ फिर्यादीत 'चारचौघांसमोर जातीवरून शिवीगाळ केली' असं आहे. इथे 'घाणेरड्या भाषेत शिवीगाळ केली' असं झालंय. जातही गेली आणि चारचौघंही गेले."

वाचकहो, या दोन शब्दांवर सगळा खटला उभा होता. जातीवरून अपमान आणि तोही लोकांसमक्ष, ही या गुन्ह्याची दोन मुख्य अंगे आहेत. कलम 18 अटकपूर्व जामिनाला मनाई करते. पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली पृथ्वीराज चौहान प्रकरणात स्पष्ट केले आहे, की सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ही मनाई लागू होणार नाही. म्हणजे भाषांतरातून जात गळाली की सकृद्दर्शनी गुन्हाही गळतो, आणि आरोपी जामिनावर गावात परततो. ते भाषांतर मुद्दाम तसे केले होते की बेफिकिरीने, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही दुरुस्त भाषांतर दाखल केले आणि दोन्ही मजकूर न्यायालयापुढे ठेवले. पुढच्या तारखेला आरोपींनी अपील मागे घेतले.

आम्हालाही इंग्रजी येते. आम्ही रोज त्याच भाषेत युक्तिवाद करतो. पण आम्ही ते भाषांतर इंग्रजी म्हणून वाचले, तिने भाषांतर म्हणून वाचले. भाषा वापरणे आणि भाषेचा अभ्यास करणे यांतला फरक तो हाच. गल्लोगल्ली चालणाऱ्या 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'च्या क्लासमधून हा फरक येत नाही.

इंग्रजी घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे?

आता मुद्द्याच्या गोष्टी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर पदवीची रचना बदलली आहे. मुख्य विषयाला मेजर म्हणतात, जोडीच्या विषयाला मायनर. तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट मोकळी होते. सोबत आणखी एक 'सोय' आहे. एक वर्ष करून प्रमाणपत्र किंवा दोन वर्षे करून पदविका घेऊन बाहेर पडता येते. ही सोय श्रीमंताचे पोर वापरणार नाही. घरात अडचण आली की आपल्याच मुलांना ती दाखवली जाईल. म्हणून प्रवेश घेतानाच ठरवा, अर्ध्यावर उतरायचे नाही.

इंग्रजी मेजर घेतल्यावर किंवा पुढे एम.ए.ला जे विशेष अभ्यास निवडता येतात, त्यांतले चार आपल्या कामाचे आहेत. प्रत्येक कॉलेजात चारही मिळतीलच असे नाही. म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रमपत्रिका मागून घ्या.

पहिला, साहित्य. यात ब्रिटिश साहित्य असतेच, त्याचबरोबर अमेरिकन, आफ्रिकन, भारतीय इंग्रजी आणि अनुवादित भारतीय साहित्यही असते. आपल्या साहित्य चळवळीला इथूनच बळ मिळाले. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आपल्या लेखकांना करून दिली. 1966 साली अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे नाते कोणीतरी वाचल्याशिवाय जुळले नाही. आज अनेक विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांत दलित साहित्य शिकवले जाते. पण ते शिकवणारा कोण आहे? 'बलुतं' हे दुःखाचे प्रदर्शन म्हणून शिकवायचे, की व्यवस्थेवरचे आरोपपत्र म्हणून, हे शेवटी वर्गात उभा राहिलेला माणूसच ठरवतो.

दुसरा, अनुवाद. इथे आम्ही काही तारखा फक्त मांडतो. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, त्याचा इंग्रजी अनुवाद 2015 साली. मध्ये 37 वर्षे गेली. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' 1984 सालचे, इंग्रजी अनुवाद 2003 सालचा. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले, इंग्रजीत 2008 साली. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' 2003 सालचे, तेही 2008 साली इंग्रजीत आले. शेवटची दोन्ही पुस्तके इंग्रजीच्या प्राध्यापक माया पंडित यांनी नेली. ज्यांनी हे काम केले त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण पुढची पुस्तके कोणी हात लावण्याची वाट का पाहायची? उलट दिशेचे कामही बाकी आहे. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे इंग्रजीत खंडशः प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हे खंड छापण्याचे काम इतके रखडले, की 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मूळ खंडांची ही गत असेल तर त्यांच्या मराठी भाषांतराची काळजी कोण वाहणार? त्या मुलीने नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

तिसरा, इंग्रजीचे अध्यापन. पहिलीपासून इंग्रजी येऊन पंचवीस वर्षे होत आली. पण पहिलीच्या वर्गात इंग्रजी शिकवण्याचे खास शिक्षण घेतलेला शिक्षक किती शाळांत आहे? दुसरी भाषा मूल कसे शिकते, मराठीचा आधार कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हे एक शास्त्र आहे. हैदराबादला 1958 साली याच कामासाठी केंद्रीय संस्था निघाली. आज ती इंग्रजी आणि परदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथे आपली मुले गेली पाहिजेत आणि परत येऊन आपल्या वस्तीतल्या शाळांत उभी राहिली पाहिजेत.

चौथा, भाषाविज्ञान. यात ध्वनी, शब्दांची घडण, बोली, भाषा आणि समाज यांचे नाते असे विषय येतात. आपल्या लोकांची बोली 'अशुद्ध' कोणी ठरवली, याचे शास्त्रीय उत्तर इथे मिळते. शिवाय बौद्ध म्हणून आपला एक खास स्वार्थ यात आहे. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली, आणि तिथून त्रिपिटक रोमन लिपीत आणि इंग्रजी भाषांतरात जगापुढे आले. पालीला 2024 साली मराठीबरोबरच अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. इंग्रजी मेजर आणि पाली मायनर, अशी जोडी ज्या कॉलेजात मिळेल तिथे आपल्या मुलांनी ती जरूर घ्यावी.

पोटाचे काय?

बापाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याला गोड बोलून फसवणे आम्हाला मान्य नाही. कॉलेजातल्या पूर्णवेळ प्राध्यापकाची नोकरी आज सहज मिळत नाही. पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबवली जातात. नेट, सेट, पीएच.डी. झालेले तरुण तासावर शिकवतात आणि सुट्टीत घरी बसतात. ज्याला आजच हमखास नोकरी हवी आहे, त्याने हा धोका डोळे उघडे ठेवून समजून घ्यावा. आणि रिकाम्या पदांचा प्रश्न हा आरक्षणाचा प्रश्न आहे, हे चळवळीने विसरू नये. जागा भरल्या नाहीत की बिंदुनामावली कागदावरच राहते.

तरीही प्राध्यापकी हा एकच रस्ता नाही. इंग्रजीची पदवी आणि बी.एड. केले तर शाळेत शिकवता येते. इंग्रजीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. हा तर आमच्या मते उत्तम जोड आहे, आणि आमच्या ज्युनिअरचे उदाहरण वर दिलेच आहे. न्यायालयांत, संसदेत, सरकारी कार्यालयांत, प्रकाशन संस्थांत, वृत्तमाध्यमांत अनुवादक लागतात. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पात्रता पेपर आहे, आणि इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषयही आहे. सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट-सेटचा अभ्यास एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करावा. नेटच्या अभ्यासक्रमात नाटक, कविता, कादंबरी यांच्याबरोबर भारतातील इंग्रजीचा इतिहास, सांस्कृतिक अभ्यास आणि संशोधनपद्धती हे भाग आहेत. त्यांत आपल्या मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पैशाचे म्हणाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कोणाची भीक नव्हे. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 1944 साली ती सुरू झाली. परदेशी जायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र 2022 साली केंद्राने तिच्या नियमावलीत एक पाचर मारली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. जातीवर परदेशात जाऊन संशोधन करायचे नाही, असाच त्याचा अर्थ होतो. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात वाचलेला पहिला निबंध भारतातील जातींवरच होता! म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली ओळ न ओळ वाचा, आणि जिथे अन्याय दिसेल तिथे न्यायालयाची पायरी चढायची तयारी ठेवा.

आपल्याला काय करता येईल?

समाजाकडे आमचे तीनच मागणे आहेत. पहिले, ज्यांनी इंग्रजी घेऊन पदवी केली त्यांनी दर रविवारी दोन तास आपल्या विहारात बसावे. तिथे फाडफाड इंग्रजी शिकवू नका, वाचायला शिकवा. बाबासाहेबांचे एक पान इंग्रजीत आणि तेच मराठीत समोर ठेवा, आणि मुलांना दोन्हींतले शब्द ताडून पाहू द्या. दुसरे, गाईडवर पास होण्याची सवय मोडा. इंग्रजीचा विद्यार्थी मूळ पुस्तक न वाचता गाईड वाचून पहिला आला तरी तो चळवळीच्या कामाचा नाही. तिसरे, कोणी प्राध्यापक मुलाला "तुला झेपणार नाही" म्हणाला तर त्या मुलाला एकट्याने परत येऊ देऊ नका. आमच्यासोबत त्या दिवशी कोणी नव्हते.

आणि मराठी सोडू नका. फक्त इंग्रजी झालेला माणूस आपल्याच वस्तीत परका होतो, त्याने कोर्टात आईची फिर्याद कशी समजून घ्यायची? आमच्या ज्युनिअरला चूक सापडली, कारण तिला दोन्ही भाषा सारख्याच नेमक्या कळत होत्या.

हे सगळे आम्ही त्या बापाला सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग मुलीकडे पाहून म्हणाला, "आणि नोकरी नाही लागली तर?" मुलगी काही बोलली नाही. आम्हीही खोटा शब्द दिला नाही. एवढेच म्हणालो, "पदवीनंतर एलएल.बी. कर. तोवर सुट्टीत आमच्या ऑफिसात ये, भाषांतराची कामं पडून आहेत."

परवा बापाचा फोन आला. फॉर्म भरला. मेजर इंग्रजी, मायनर पाली. "फी भरली साहेब," तो म्हणाला, "आता तिला 'झेपणार नाही' कोण म्हणतं ते मी बघतो."

जयभीम.